गाडीचं दावं

गाडीच्या व्यापाऱ्याने नोटांचं पुडकं परत पिशवीत घातलं आणि तो उठला, तेव्हा आमचे व्याही गाडीची दुसरी किल्ली बंडीच्या खिशात दाबून बसले होते. त्या पुडक्यावर माझ्या छातीचं ऑपरेशन व्हायचं होतं. माझ्या व्याह्यांइतका अडेल माणूस जगात दुसरा झाला नाही, आणि झाला असेल तर तो पांढरकवड्यात तरी झाला नाही.

हे माझ्या लेकीचे सासरे. त्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून गावोगाव हिंडणारे. बैल गेले, पण यांच्या डोक्यातून गेले नाहीत. सात माणसांची पांढरी गाडी होती, तिला पोळ्याला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचे. चढ लागला की खिडकीतून हात काढून दारावर थोपटायचे. लांबून आलं की तासभर सावलीत उभी केल्याशिवाय कोणाला धुऊ द्यायचे नाहीत. "घामात पाणी टाकलं तं आखडते," म्हणायचे. माझी लेक पदराआड हसायची. मी तोंडावर हसायची.

माझ्या छातीतली झडप गेली आणि डॉक्टरने खर्च सांगितला, तेव्हा व्याही म्हणाले, मोठी गाडी देतो, लहान जुनी घेतो, वरचा पैसा मोकळा होतो. मी म्हटलं, लेकीच्या सासरचं मी पाणी पीत नाही, पैसा कुठला घेऊ?

"तुमाले कोण देऊन राह्यलं? मी डॉक्टरले देऊन राह्यलो."

मी हो म्हटलं. असं फार वेळा होत नाही.

व्यापारी लहान गाडी घेऊन घरी आला. व्याह्यांनी बॉनेट उघडून दात पाहावेत तसं आत पाहिलं, मागून दोन थापा मारल्या आणि विचारलं, "मारकी तं नाही ना?"

"नाही काका, गरीब हाये," व्यापारी म्हणाला. माणूस समजूतदार होता. सौदा झाला, आणि किल्लीवर अडलं.

"बैल विकला तं दावं देत नसतेत," व्याही म्हणाले. "दाव्यासंगं घरची बरकत जाते. एक किल्ली देली ना तुले."

"अन् उद्या तुमीच गाडी घेऊन गेले तं?"

"मी चोर दिसतो काय?"

"दिसत नाही, म्हणूनच भेव लागते," म्हणून तो उठला. लेक रडायला लागली. मला दोन पायऱ्या चढता येत नव्हत्या, पण तोंड ठीक होतं.

"व्याहीबुवा," मी म्हटलं, "दावं म्हणजे बांधायचा दोर. बैलाच्या गळ्यात कधी किल्ली पाह्यली काय? डिक्कीत गाडी ओढायचा दोर हाये, तो ठेवा."

त्यांनी डिक्की उघडली. मग दोर काढून खुंटीला टांगला आणि किल्ली व्यापाऱ्याच्या हातावर ठेवली. "छाती खराब हाये, डोकं नाही," माझ्याकडे न पाहता म्हणाले.

त्या लहान गाडीत त्यांचे गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर यायचे. तशातच त्यांनी मला ऑपरेशनला नागपूरला नेलं आणि परत आणलं. प्रत्येक खड्ड्याला गाडीलाच दम देत होते, "हळू, म्हातारी बसली हाये." पुढे एकदा बाजारात ती पांढरी गाडी समोरून गेली. ते मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिले. मी त्या दिवशी हसले नाही.

गेल्या हिवाळ्यात सकाळचा चहा पिता पिता ते गेले. छातीच होती, डॉक्टर म्हणाला. स्वतःची त्यांनी कधी दाखवली नव्हती. दोघांत दुखणेकरी मी होते. मी आहे.