ग्राहक क्रमांक चौऱ्याऐंशी

पंप चालवणाऱ्या नवऱ्याची कंबर गेली, त्याने खाट धरली आणि गावच्या पंपाची किल्ली मावशींकडे आली. "तात्पुरतं बघा," असं पाणीखात्याने सांगितलं होतं. त्याला अकरा वर्षं झाली.

गाव जंगलाला लागून. उन्हाळ्यात ओढे आटले की हत्ती टाकीकडे निघत. नळ फिरवता येत नसल्याने ते पाइपच उपटत. मग गाव चार-चार दिवस कोरडं, आणि शिव्या मावशींना.

खात्याने फलक लावला: 'पाणी फक्त गावकऱ्यांसाठी.' हत्तींनी तो आडवा केला. वाचून की न वाचता, कळायला मार्ग नाही.

मावशी पाणीखात्याच्या साहेबांकडे गेल्या. "त्यांच्यासाठी लांब एक खड्डा भरून ठेवू द्या. तहान भागली की पाइपाच्या वाटेला जाणार नाहीत."

"योजना माणसांची आहे, बाई. जनावरं वनखात्याकडे."

वनखातं म्हणालं, "जनावरं आमची, पण पाणी त्यांचं."

मावशींनी दोन्ही खात्यांना हात जोडले आणि शेजारणींना घेऊन जंगलाच्या कडेला खड्डा खणला. पंपघरातून एक पाइप तिकडे नेला, त्याला व्हॉल्व्ह बसवला. त्या उन्हाळ्यात हत्ती तिथेच प्यायले, तिथेच लोळले. गावाचं पाणी एक दिवस चुकलं नाही.

त्यामुळे साहेबांना संशय आला. दुरुस्तीचा एकही अर्ज नाही म्हणजे काय? ते आले, खड्ड्याची 'गळती' अशी नोंद केली आणि व्हॉल्व्हला सील ठोकलं.

चौथ्या दिवशी गळती थांबल्याची खात्री करायला ते पुन्हा आले. भरदुपारी पंपघराच्या खिडकीतून सोंड आत आली आणि टेबलावरची पाण्याची बाटली घेऊन गेली. साहेब टेबलाखाली.

"मावशी, काहीतरी करा!"

"सील तोडू?"

"तोडा!"

"लेखी द्या."

भिंत हादरली. मावशींनी कागद टेबलाखाली सरकवला; नोकरी जायची भीती हत्तीपेक्षा जुनी होती. साहेबांनी टेबलाखालूनच लिहून दिलं. व्हॉल्व्ह उघडला, खड्ड्यात पाणी खळखळलं आणि कळप तिकडे वळला.

कागदोपत्री हत्तींसाठी रकाना नव्हता. म्हणून खड्डा ग्राहक क्रमांक चौऱ्याऐंशी झाला; कुटुंबातील व्यक्ती नऊ.

पुढे या अभिनव कल्पनेबद्दल साहेबांचा सत्कार झाला. मावशींना बोलावणं नव्हतं. असतं तरी जमलं नसतं. त्या दिवशी खड्ड्यातला गाळ काढायचा होता, आणि ग्राहक वेळेचे पक्के होते.