तिसऱ्या गिअरमध्ये पोचलेली गाडी

श्रीरामपूरला आम्हा दोघा भावांचं गॅरेज आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स ही थोरल्याची बाजू, वायरिंग माझं. मागच्या हंगामात, उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ते भरलेले असताना, शेवगावकडून एक डॉक्टरबाई स्वतः गाडी चालवत आल्या. जनावरांच्या डॉक्टर. एका गाईच्या लाथेने त्यांचा डावा गुडघा कायमचा अधू झालेला, त्यामुळे क्लच दाबता येत नाही. म्हणून गाडी ऑटोमॅटिक, गिअर आपले आपण बदलणारी.

"आता ती बदलतच नाही," बाई म्हणाल्या. "मधेच झटका बसतो, समोर दिवा लागतो आणि गाडी तिसऱ्या गिअरला अडकते. बंद करून चालू केली की पुन्हा ठीक. परवा एक म्हैस अडली होती, रेडकू आडवं. मी वाटेत असतानाच हे झालं. थांबून निघताना गाडी अगदी जड व्हायची, पण चालत राहिली. पोचले मी."

"आन् रेडकू?" दादाने विचारलं.

"संध्याकाळी उभं राहिलं."

तिकडे कुणीतरी त्यांना गिअरबॉक्स उतरवावा लागेल म्हणून सांगितलं होतं. म्हणजे गाडी बरेच दिवस उभी, आणि बाई घरी.

मी स्कॅनर लावला. गिअरबॉक्सच्या आत तेलाच्या वाटा उघडझाप करणाऱ्या छोट्या झडपा असतात, विजेवर चालणाऱ्या. त्यांतल्या एकीची वीज मधूनमधून तुटते, एवढं स्क्रीनवर आलं.

"झडपच गेली असंल," दादा म्हणाला. "खोलावं लागंल."

"खोलू की. पन आधी मला तार बघू दे."

गिअरबॉक्सचा कनेक्टर काढून मी मीटरने झडपेची कॉइल मोजली. ठीक. गाडी फिरवून, गरम करून पुन्हा मोजली, तरी ठीक. मग उरली ती गिअरबॉक्सला हुकूम देणाऱ्या कंट्रोलरपासून गिअरबॉक्सपर्यंतची तार. मीटरने तिलाही पास केलं. मी सगळं वायरिंग हाताने हलवून, ओढून पाहिलं. काही नाही. खरं सांगायचं तर तेव्हा माझा धीर सुटत चालला होता.

बाई खुर्चीत बसून हे सगळं बघत होत्या. मी विचारलं, "हे व्हतं कधी? सपाट रस्त्याला?"

त्यांनी जरा आठवून पाहिलं. "नाही. शेतातून सडकेवर चढताना. जोर द्यावा लागतो तेव्हा."

मी दादाकडे पाहिलं. जोर आला की इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर एका बाजूला कलतं. उभ्या गाडीत ते कलणार कसं?

"जॅक लावू," तो म्हणाला.

मीटर तारेतून अगदी थेंबभर वीज सोडतो, तेवढी एखाद्या तंतूवरूनही जाते. म्हणून मी तारेची दोन्ही टोकं मोकळी केली, एकीकडून बॅटरी दिली आणि दुसरीकडे हेडलाइटचा बल्ब जोडला. लख्ख पेटला. दादाने इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक हळूहळू वर घेतला. इंजिन बोटभर उचललं असेल. बल्ब लाल झाला आणि विझला. जॅक खाली घेतला, पेटला.

बाई काठी टेकत जवळ आल्या. "परत करा बरं."

दादाने परत केलं. पुन्हा विझला. आम्ही तिघंही त्या बल्बकडे बघत राहिलो.

वायरिंगवरची टेप उकलून पाहिली. तारेवरचं प्लॅस्टिक अखंड होतं, ओरखडा नाही. पण एका जागी बोटाला ती मऊ लागली. सोलली, तर आतलं तांबं हिरवं पडून तुटलेलं, दोन टोकं नुसती एकमेकांना टेकलेली. पूर्वी कुणीतरी वायरिंग गाडीच्या सांगाड्यावरच्या पट्टीला ताणून बांधलं होतं, आणि माउंटिंगचं रबरही फाटलं होतं. इंजिन कललं की ती टोकं सुटत.

मी नवा तुकडा जोडून तार सैल बांधली. दादाने माउंटिंग बदललं. काम चालू असताना बाईंनी विचारलं, "पण तिसराच गिअर का?"

मला अर्धंच माहीत होतं. एका झडपेचा भरवसा वाटेनासा झाला की कंट्रोलर सगळ्याच झडपांची वीज तोडतो. मग गाडी चालते कशावर, हे मी इतक्या वर्षांत कधी नीट विचारलंच नव्हतं.

दादा आत गेला आणि मोडीत काढलेल्या एका गिअरबॉक्समधली तेलाच्या वाटांची ॲल्युमिनियमची पाटी घेऊन आला. दोन हातांत मावेल एवढी, आणि तिच्यावर वळणावळणांच्या शेकडो चऱ्या. "वीज न्हाई म्हनजे सगळ्या झडपा सुटलेल्या," तो म्हणाला आणि एका भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली. ती कुठून बाहेर येते ते त्याने आम्हाला तळहाताने बघायला लावलं. "स्प्रिंगा आपापल्या जागी जात्यात. मग तेलाला ही एकच वाट उरती. ही तिसऱ्याची. लई हळू न्हाई, लई जोरात न्हाई. मानूस घरी जाईल एवढं."

बाईंनी पाटी हातात घेतली. जनावराच्या पोटावरून फिरवावा तसा त्यांचा हात त्या चऱ्यांवरून फिरला. "म्हणजे डोकं बंद पडेल तेव्हाचा विचार कुणीतरी आधीच करून ठेवलाय," त्या म्हणाल्या. वायरिंगच्या जोरावर गाडी चालते असं मी धरून चाललो होतो. आणि इथे सगळी वीज गेल्यावरही तेल आपली वाट धरून बाईंना त्या म्हशीपर्यंत घेऊन गेलं होतं.

ट्रायलला बाईच बसल्या. मी शेजारी स्कॅनर घेऊन, दादा मागे. कालव्याच्या पुलाच्या चढाला मी म्हणालो, "आता दाबा." त्यांनी दाबलं. दुसरा, तिसरा, उतार लागला तसा चौथा. झटका नाही, दिवा नाही. स्क्रीनवर कंट्रोलरचे हुकूम भराभर सरकत होते आणि गाडी ते पाळत होती. मी हे रोजच बघतो, पण त्या दिवशी नजर काढवेना.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. नेवाशाच्या अलीकडे एका गाईचं पोट फुगलं होतं. त्यांनी ओशाळून आमच्याकडे पाहिलं.

"जावा तुमी," दादा म्हणाला. "आमी जातो चालत."

आम्ही पुलापाशी उतरलो. गाडी उसाच्या ट्रॉलीला मागे टाकून गेली, तेव्हा गिअर बदलल्याचा आवाज आम्हाला दोघांनाही ऐकू आला.