नावं न ठेवलेला रंधा

आमच्या घरात नवीन हत्यार केलं की ते थोरल्या माणसापुढे ठेवायचं आणि त्यानं त्याला नावं ठेवायची, अशी रीत आहे. आजोबांपासूनची. ते सोलापुरातल्या हातमागांना आडवा धागा नेणारे लाकडी धोटे करून द्यायचे. धोट्याचं पोट कोरायला बाजारात मनासारखं हत्यार मिळेना, म्हणून त्यांनी बाभळीचा वीतभर, वाकड्या बुडाचा रंधा केला आणि स्वतःच्या वडिलांपुढे ठेवला. पणजोबांनी म्हणे त्यात सात चुका काढल्या. सातवी दुरुस्त झाल्यावर तो चालायला लागला. तो अजून दुकानात आहे, धोटे करून घेणारं कुणी उरलेलं नसलं तरी.

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लोडशेडिंगच्या काळात शिलाई मशीनच्या पायट्यावर लाटणी कातायचं यंत्र जुळवलं. आजोबा तेव्हा थकले होते, तरी खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "माणसानं पाय मारायचे का लाटणं कातायचं? एक काय ते ठरव." आप्पांनी गुपचूप बसायची बैठक वर घेतली, तेव्हा गुडघे हातांच्या आड येईनासे झाले. मी पहिला गुण्या केला तेव्हा आप्पांनी विचारलं, "हा काटकोन हाय का अंदाज?" मी दोन दिवस जेवणावर रुसले, तिसऱ्या दिवशी गुण्या सरळ केला. 'चांगलं झालंय' हे आमच्याकडे परक्यांना म्हणायचं असतं.

गेल्या उन्हाळ्यात आप्पांना लकवा झाला. पाय सावरला, बोलणंही फारसं अडलं नाही. उजवा हात मात्र तसाच राहिला. दाबायला म्हणून डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू त्यांनी शेजारच्या मुलांना देऊन टाकला. दुकानात रोज यायचे, पण दारातल्या खुर्चीत बसायचे. मांडीवर टॉवेल आणि टॉवेलाखाली तो हात. मी करवत चालवत असताना नवी गिऱ्हाइकं मलाच विचारतात, "मिस्त्री कुठायत?" पूर्वी आप्पा आतून ओरडायचे, "तीच मिस्त्री हाय." आता तेही ओरडेनासे झाले.

हात हळूहळू सुधारेल, वापरत राहायला हवा, असं डॉक्टर सांगत होते. पण आप्पांना लाकूडच नकोसं झालं होतं. ते मला रोज दिसत होतं आणि मला त्याची भीती वाटत होती.

म्हणून मी रंधा करायला घेतला. जुन्या पलंगाचा शिसवी पाय पडून होता, त्यातून. मागच्या मुठीच्या जागी कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेकेल अशी पन्हळ कोरली, वर चामडी पट्टा लावला. पुढे डाव्या हातासाठी गोल मूठ. उजव्या खांद्यानं ढकलायचं, डाव्या हातानं वळवायचं. आठवडाभर मी दुसरं काही केलं नाही. घरी पाणी यायच्या दिवशी भांडी भरायलासुद्धा आईला एकटीला सोडून आले, त्याची बोलणी अजून खाते आहे.

रंधा स्टुलावर त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो डाव्या हातानं एकदा फिरवला.

"चांगलं झालंय," म्हणाले.

"नीट बघा की."

"बघितलं. चांगलं हाय."

मला इतका राग आला की हातातली चौकट तासून तासून मी एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, बारीक करून ठेवली. रडूही आलं. दुकानात डोळ्यांत भुस्सा गेल्याचं निमित्त कायम तयार असतं, ते बरं.

चार दिवसांनी कुर्डुवाडीचे एक जुने गिऱ्हाईक देव्हारा न्यायला आले. रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले, प्रत्येक वस्तू उलटी करून बघणारे. त्यांना रंधा दिसला. मी पट्टा बांधून चालवून दाखवला. माझ्या हाताला तो छान चालला, कीसही लांब निघाला.

"आमच्या थोरल्या भावाचा हात बी असाच गेलाय," ते म्हणाले. "सुतारच हाय तो. हाच नेला तर चालंल का?"

माझा राग उतरला नव्हता. "न्या की," मी म्हणाले. "आप्पांनी पास केलाय. एक चूक निघाली नाही त्यांना."

"ठेव तो खाली," दारातून आवाज आला.

"का? चांगला आहे म्हणालात."

"ते तुला म्हणलं. लोकाच्या घरी जायाचं हत्यार हाय ते." आप्पा खुर्चीचा आधार घेऊन उठले आणि पाय ओढत बाकापाशी आले. "पन्हळ वर गेलीय. दहा मिनटांत खांदा भरून येईल माणसाचा. पातं लई उभं बसवलंयस. ज्याच्या हातात जोर न्हाय त्यानं ते ढकलायचं कसं? आन् पट्टा मनगटावर कुणी लावतं का?"

गिऱ्हाइकांनी रंधा उलटा करून पट्टा बघितला.

"माप कुणाच्या हाताचं घेतलंस?" आप्पांनी विचारलं.

"माझ्या."

"तुझा हात चालतोय. त्याचं माप काय कामाचं?"

खरं होतं. गेल्या चार महिन्यांत त्यांच्या त्या हाताला हात लावायची मला हिंमत झाली नव्हती. विचारलं तर ते चिडतील, असं मी स्वतःला सांगत आले होते.

आप्पांनी हातावरचा टॉवेल बाजूला टाकला. डाव्या हातानं उजवा हात उचलून बाकावर ठेवला. बोटं आत वळलेली होती, मनगट बारीक झालं होतं.

"टेप आण," म्हणाले.

मी आणला. कोपरापाशी टेपचं टोक धरलं आणि मनगटापर्यंत नेलं.

"नीट धर," आप्पा म्हणाले. "हे माप हाय का अंदाज?"