पहिल्या डावाला वेळ लागतो

मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो आमच्या शाळेतल्या मराठीच्या सरांचा. नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून नुसतं सर म्हणतो. आमच्या गावात ‘सर’ म्हटलं की तेच. बाकीच्यांना विषयाचं नाव जोडावं लागायचं. आता ते निवृत्त आहेत, पण सकाळी शाळेत जाऊन दहावीच्या मुलांना अजून शिकवतात आणि मी आयर्लंडहून पाठवलेली पत्रं त्यांना वाचून दाखवतात. आपला विद्यार्थी कुठे पोचला हे सांगायला नाही, साधं वाक्य कसं लिहावं हे दाखवायला. निदान मला त्यांनी तसं कळवलं आहे.

मी बोलताना अडखळतो. सगळ्या शब्दांना नाही, पहिल्यालाच. तो ओठांपर्यंत येतो आणि बाहेरून कडी लावल्यासारखा आत उभा राहतो. मान ताठ होते, डोळे आपोआप मिटतात. एकदा तो निघाला की पुढचं वाक्य सरळ येतं. शाळेत पोरं ओरडायची, “टेप अडकली रे! पेन्सिल घाला कोणीतरी!” मीही त्यांच्याबरोबर हसायचो. हसायला पहिला शब्द लागत नाही.

बारावीनंतर पुण्यातल्या एका संस्थेची शिष्यवृत्ती होती. मुलाखतीला पालकांना घेऊन यायचं होतं. बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. “तिथं साहेब लोक काय बी विचारतील, मी काय सांगू? सर, तुमीच जा,” म्हणाले. सर माझ्याबरोबर एसटीने आले. टेबलामागे तिघे बसले होते. मधल्या बाईंनी माझं नाव विचारलं. अडखळणाऱ्याला स्वतःचं नाव सगळ्यात अवघड जातं, कारण बाकी कुठलाही शब्द बदलून दुसरा घेता येतो, नाव नाही. माझे डोळे मिटले. त्यांच्यातले एक गृहस्थ म्हणाले, “घाबरू नकोस, पाणी घे.”

“घाबरलेला नाही तो,” सर म्हणाले. “याला पहिल्या शब्दाला वेळ लागतो. तेवढा द्या, पुढचं तो बघतो.”

ते तिघे थांबले. माझं नाव आलं, आणि त्यामागून बाकीचं सगळं. पुण्यात संख्याशास्त्राची पदवी, डब्लिनमध्ये मास्टर्स, मग नोकरी. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. हे सगळं सरांच्या त्या एका वाक्यावर उभं आहे असं मी मानत आलो.

नोकरी डब्लिनच्या कडेला, क्लोनडॉकिनमधल्या एका बिझनेस पार्कात आहे. आमची छोटी कंपनी अमेरिकेतल्या बेसबॉल क्लबांसाठी आकडेवारीचं काम करते. तिथल्या मोठ्या लीगमध्ये खेळाडूला पहिली काही वर्षं क्लब सोडून दुसरीकडे जाता येत नाही. त्या काळात पगारावर एकमत झालं नाही तर क्लब एक आकडा लिहून देतो, खेळाडू एक, आणि मग तीन लवाद बसतात. आपल्याकडे लवाद म्हटला की तो मधलं काहीतरी काढणार, थोडं याचं थोडं त्याचं. तिथे तसं नाही. दोनांतला एकच आकडा निवडायचा. मधला लिहायचा अधिकारच त्यांना नसतो. त्यामुळे क्लबच्या बाजूने आम्ही जो कागद तयार करतो त्याचं काम एकच: हा माणूस मागतो तेवढ्या किमतीचा का नाही, हे पटवणं. आणि सुनावणीत खेळाडू स्वतः समोर बसलेला असतो. सगळं ऐकतो. त्यानंतर काही दिवसांतच त्याच क्लबचा शर्ट घालून सरावाला उतरतो.

बायको द्रोहेडाला, नाही, इथले लोक म्हणतात तसं ड्रोहेडाला, हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे. तिला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती. सुरी थांबली.

“समोर बसवून? अरे, आमच्याकडे केस बिघडली तर मीटिंगमध्ये आम्ही एकमेकांची सालटी काढतो. पण पेशंटला खुर्ची देऊन नाही बसवत.”

“बहुतेक वेळा आधीच तडजोड होते,” मी म्हटलं. “कागद कोणी उघडतसुद्धा नाही.”

“म्हणजे तुझं काम चांगलं झालं की ते कोणी वाचत नाही.”

“हो.”

“मस्त नोकरी आहे,” ती म्हणाली आणि पुन्हा चिरायला लागली.

खरंच तोपर्यंत माझा एकही कागद सुनावणीपर्यंत गेला नव्हता. मी उणिवा शोधत होतो, पण ज्याच्या त्या उणिवा, त्याला त्या कधी ऐकाव्या लागल्या नव्हत्या.

गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे एक पिचर आला. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा. चांगला होता, आणि हीच अडचण होती. त्याच्या विरोधात लिहिण्यासारखं फार काही सापडत नव्हतं. मी त्याच्या सामन्यांचे व्हिडिओ बघायला लागलो. बेसबॉलच्या सामन्यात नऊ छोटे डाव असतात. पहिल्या डावातला त्याचा पहिला चेंडू टाकायच्या आधी त्याची मान ताठ व्हायची. खांदे वर जायचे. डोळे मिटायचे, अगदी निमिषभर. दुसऱ्या डावापासून तो मोकळा. मी आकडे वेगळे काढून पाहिले. पहिल्या डावात तो बऱ्याच धावा द्यायचा, नंतर जवळजवळ नाही. पूर्ण सामन्याच्या सरासरीत हे बुडून गेलं होतं. कोणालाच दिसलं नव्हतं. मला दिसलं, कारण ती मान माझ्या ओळखीची होती.

मी कागदात लिहिलं. इंग्रजीत लिहिलं, पण मनात वाक्य मराठीतच तयार झालं होतं: याला पहिल्या डावाला वेळ लागतो. त्या वाक्याखाली तक्ता. शोधाचा आनंद झाला होता, हेही सांगायला हवं. दोन दिवसांनी बसमध्ये तेच वाक्य मनात आलं आणि तेव्हा कळलं की ते कोणाचं आहे. सरांनी ते तिघांपुढे माझ्यासाठी टाकलं होतं. मी तिघांपुढेच टाकत होतो, पण पुढचा अर्धा भाग काढून.

आमची टीम लीड आयरिश, ट्रली गावची. मनाने चांगली बाई. माझ्या व्हिसाची कागदपत्रं अडली होती तेव्हा स्वतः फोन करत बसली होती. बोलते मात्र भरभर. ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय त्याला आयरिश लोक ‘युअर मॅन’ म्हणतात. नुसतं ‘तो’ या अर्थी. पहिलं वर्षभर मला वाटायचं, ही प्रत्येक खेळाडू माझ्या गळ्यात का घालते? क्लायंट माझा, माणूस माझा, मग तिचं काय? नंतर अर्थ कळला, पण कानाची सवय गेली नाही. त्या पिचरला ती ‘युअर मॅन’ म्हणाली की मला ‘तुझा माणूस’ असंच ऐकू यायचं.

ते वाक्य काढून टाकू या असं सांगायला मी तिच्या टेबलाशी गेलो.

“काय रे, बोल.”

पहिला शब्द अडकला. डोळे मिटले. ती थांबली, थोडीशी थांबली, आणि मग लोक करतात तेच तिने केलं. माझं वाक्य तिने पुरं केलं.

“पहिल्या डावाचा मुद्दा? पुरेसा ठळक नाही असं वाटतंय तुला? छे, ग्रँड आहे तो! वकील तर खूश आहे. पण तू म्हणतोस ते बरोबर, आठव्या पानावर लपलाय. आपण पहिल्या पानावर घेऊ.”

मी मान हलवली. नाही म्हणून हलवली होती, आपल्याकडे हलवतात तशी. तिला हो वाटलं.

जागेवर येऊन मेल लिहिलं. लिहिताना मी अडखळत नाही. हा मुद्दा खेळाडूला वैयक्तिक लागेल, त्याचा खेळही बिघडू शकतो, कृपया काढावा. उत्तर सौम्य होतं. तुझी काळजी समजते, पण कागद आता क्लबच्या वकिलांकडे गेलाय. आणि काळजी करू नकोस, युअर मॅन तडजोड करेल, सगळेच करतात.

तेव्हापासून मी तडजोडीची वाट बघत राहिलो. रोज सकाळी केटलमध्ये पाणी ठेवून बातम्या उघडायच्या. आकडे लिहून द्यायच्या तारखेआधी त्याच क्लबच्या एका खेळाडूचं जमलं. मग आणखी एकाचं. पिचरचं नाही; त्याचे आकडे दिले गेले. दोन्ही आकड्यांतला फरक त्या क्लबला किरकोळ होता; एक जण अर्ध्यावर आला असता तर माझं पान कायमचं बंद राहिलं असतं. पण आकडे एकमेकांना दिल्यावर बोलणी करायची नाहीत असा त्या क्लबचा शिरस्ता निघाला. मधला रस्ता लवादांना आधीपासून बंद होता, आता क्लबनेही बंद केला.

“अजून नाही जमलं?” बायको विचारायची.

“नाही.”

“तू देव पाण्यात घालून बसलायस, आणि तो तुला ओळखतही नाही.”

सुनावणीच्या दिवशी इथे दुपार होती, तिथे सकाळ. ऐनवेळी आकडा लागला तर द्यायला मला व्हिडिओवर जोडून ठेवलं होतं. माझा कॅमेरा बंद, माइक बंद. टेबलामागे तिघे. अलीकडे तो. नेहमी टोपीत बघितलेला माणूस सुटात वेगळाच दिसत होता. केस ओले करून विंचरलेले, कॉलर गळ्याला घट्ट. क्लबच्या वकिलाने पहिलं पान उघडलं. वकील वाईट बोलला नाही. उलट फार सभ्यपणे, शब्द सुटे करत त्याने माझं वाक्य वाचलं आणि तक्ता पडद्यावर दाखवला.

मला वाटलं होतं पिचर चिडेल. आपल्या वकिलाच्या कानात काहीतरी बोलेल. त्याने तक्ता पाहिला. मग आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. आणि हळूच मान हलवली. होय म्हणून.

लवादांनी क्लबचा आकडा निवडला. टीम लीडने सगळ्यांसाठी केक आणला. “तुझ्यामुळे,” ती म्हणाली, आणि ते खरं होतं. मला बढती मिळाली. पुढच्या हिवाळ्यात माझ्याकडे तीन खेळाडू असतील.

घरी बायकोने माझा चेहरा बघितला. जेवताना एवढंच म्हणाली, “सोडायची का नोकरी?” आम्ही दोघांनी हिशेब केला नाही, कारण उत्तर माहीत होतं. माझा इथे काम करायचा परवाना या नोकरीला बांधलेला आहे, आणि दुसरी मिळवायची तर मुलाखत द्यावी लागेल. तिथे पहिल्यांदा नावच विचारतात.

वसंतात मोसम सुरू झाला. त्याचा पहिला सामना मी बघितला. बघायचा नाही असं ठरवून बघितला. अलीकडे त्या खेळात पिचरसाठी घड्याळ लावलं आहे. वेळेत चेंडू टाकला नाही तर दंड. तो उभा राहिला. मान ताठ झाली. डोळे मिटले, आणि या वेळी मिटलेलेच राहिले. आता त्याला माहीत होतं की आपले डोळे मिटतात. घड्याळ शून्यावर आलं. पंचाने हात वर केला. पुढच्याही चेंडूला तेच. पहिला डाव संपायच्या आत त्याला बाहेर काढलं, आणि दुसरा डाव, जिथे तो नेहमी मोकळा व्हायचा, तो त्याला मिळालाच नाही.

सोमवारी टीम लीड माझ्या टेबलाशी आली. “बघितलंस युअर मॅनला? तू म्हणाला होतास अगदी तसं.”

मला काही म्हणायचं होतं. ती थांबली, आणि मग मला त्रास नको म्हणून निघून गेली.

त्या आठवड्यात सरांचं पोस्टकार्ड आलं होतं. मुलं नव्या पत्राची वाट बघताहेत, बेसबॉलचं पुढे काय झालं विचारतात. मी हे उत्तर पाठवलं.

*सर, नमस्कार.*

*तुमचं कार्ड मिळालं. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून बरं वाटलं. इथे आम्ही दोघे ठीक आहोत.*

*माझं काम चांगलं चाललं आहे. बढती मिळाली. मुलांनी विचारलं म्हणून सांगतो: एका खेळाडूची सुनावणी झाली आणि आमची बाजू जिंकली. जिंकली ती माझ्या एका वाक्यामुळे. ते वाक्य तुमचं होतं. पुण्यात त्या तिघांपुढे तुम्ही माझ्याबद्दल बोललात, ते. मी त्यातलं ‘वेळ लागतो’ एवढंच ठेवलं. ‘तेवढा द्या’ हे गाळलं. वाक्य लहान झालं, साधं झालं आणि फार परिणामकारक झालं.*

*त्या माणसाने ते ऐकलं आणि मान्य केलं. आता त्याच्याकडून पहिला चेंडू टाकला जात नाही. मी ते थांबवायला गेलो होतो, पण सांगता आलं नाही. कोणी थांबलं नाही असं म्हणणार होतो, पण तीही सबबच. पुढच्या वर्षी माझ्याकडे तिघे आहेत. मी ते काम करणार आहे. दुसरं काही मला दिसत नाही.*

*तुम्ही समजूत घालाल, म्हणून आधीच लिहितो: घालू नका.*

*एक विनंती आहे. हे पत्र वर्गात वाचून दाखवू नका. त्यांच्यातल्या एखाद्याला वेळ लागत असेल.*