बैल त काढलाच होता

कोर्टात नोकरी केलेल्या माणसाला किस्से कधी विचारू नयेत. तो साक्षीदारासारखा सुरू होतो, आणि उलटतपासणी घ्यायला समोर कोणी नसतं! मी वाशीमला स्टेनो होतो. जजसाहेबांनी सांगायचं आणि मी टाइप करायचं, यात जन्म गेला. कोंबडीचोरीपासून काडीमोडापर्यंत इतकं साचलंय की बायको म्हणते, "आता पुस्तक तरी काढा, नाहीतर गप्प तरी बसा." पण साऱ्या नोकरीत फाशीची केस एकच आली. तिचे किस्से मी घरी सांगत नाही, मित्रांत सांगतो. ते सुरुवातीला हसतात.

केस अशी. किन्हीराजाकडच्या एका गावात सोपानराव म्हणून भाजीपाला पिकवणारे शेतकरी. गजानन त्यांचा एकुलता एक मुलगा. शेजारच्याच घरातल्या भगवानने शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वाद काढून त्याला मारलं. कसं मारलं ते मी सांगणार नाही. तो भाग टाइप करताना मी दोनदा उठून पाणी प्यायलो, एवढं पुरे. सोपानरावांना त्यानंतर जगात एकच गोष्ट हवी होती. भगवानला फाशी.

* * *

आमचा शिपाई बाबाराव अनसिंगचा. आवाज असा की त्याने पुकारा केला की बाहेर रस्त्यावरचे ऑटोवाले वळून पाहत! प्रत्येक नावाचा पुकारा तीनदा, असा रिवाज. एकदा गडबडीत त्याने साक्षीदारांच्या यादीऐवजी वरच्या कागदावरचं मयताचं नाव उचललं आणि व्हरांड्यात जाऊन ठोकून दिलं, "गजानन सोपान, हाजिर होऽऽ!"

आमच्या बेंच क्लार्क राऊत मॅडम खुर्ची सोडून धावल्या. त्या दारापर्यंत पोचेतो तिसरा पुकारा झाला होता.

सोपानराव डोक्यावरची टोपी काढून दारात उभे राहिले. म्हणाले, "तो नाई येत, सायेब. मी आलो."

बाबारावने त्या दिवशी पुढचे पुकारे केलेच नाहीत. राऊत मॅडमनी त्यांच्या बारीक आवाजात नावं घेतली आणि अर्धे पक्षकार गैरहजर लागले.

* * *

भगवानची आई कौसाबाई. नवरा नाही, दुसरं लेकरू नाही, आणि कानाने पार ठार. गावाहून येणारी एस.टी. एकच, त्यामुळे ती आणि सोपानराव एकाच गाडीने यायचे. ती पुढच्या दाराशी बसायची, हे मागच्या सीटवर. खून झाल्यापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद, पाणी बंद. कोर्टात आल्यावर मात्र बसायला बाक एकच! एका टोकाला ही, दुसऱ्या टोकाला ते, आणि मध्ये सोपानरावांची सांबाराची पिशवी. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. बाजारात देऊन उरलेला ते सोबत आणायचे, म्हणून आमच्या व्हरांड्याला त्या तारखांना छान वास यायचा.

बाबारावचा तो गगनभेदी पुकारा कौसाबाईला ऐकू यायचा नाही. मग सोपानराव उठायचे, तिच्या समोर जाऊन उभे राहायचे आणि हाताने खूण करायचे. चला. ती उठायची. प्रत्येक तारखेला हेच.

मी एकदा न राहवून विचारलं, "सोपानराव, तुमी कायले सांगता तिले?"

"मंग कोण सांगन? तिचं पोरगं पिंजऱ्यात उभं राहते आन् ती बाहेर बसून राह्यते. बरं दिसते का?"

* * *

कँटीनमध्ये तेव्हा रोज एकच विषय. फाशी असावी की नसावी! वानखडे वकील मोठे वाचणारे. ते म्हणायचे, "लिहून ठेवा, आपल्या डोळ्यांदेखत कायद्यातून फाशी जाईल. जगातून जाऊन राहिली."

राऊत मॅडम भडकायच्या. "तुमच्या घरात झालं असतं म्हणजे कळलं असतं! असल्यांना पोसायचं कशाला?"

"मॅडम, पण पुढे तपासात चूक निघाली तर? मेलेला माणूस परत आणता येते का?"

"मग गजानन परत आणता येते का?"

बाबाराव म्हणाला, "मले इचाराल त दोघंई बरोबर हाय. म्हणूनच मले जज नाई केलं!"

सगळे हसलो. हसता हसता माझं लक्ष मागे गेलं. सोपानराव कपबशी घेऊन आमच्या मागच्याच टेबलावर बसले होते. किती वेळ, देव जाणे. वानखडे वकिलांचा चेहरा पडला. ते उठून हात जोडू लागले.

सोपानराव म्हणाले, "बोला बोला, वकीलसायेब. माह्या घरात यावर कोणी बोलतच नाई. मले आयकू द्या."

वकीलसाहेबांनी उगाच सगळ्यांसाठी भजी मागवली आणि ती तशीच राहिली.

* * *

निकालाचा दिवस. साहेबांनी मला शेवटचा परिच्छेद सांगायला घेतला आणि मध्येच थांबले. पुन्हा घेतला, पुन्हा थांबले. तिसऱ्या वेळी खिडकीकडे तोंड करून एका दमात बोलून टाकलं. माणूस जिवंत आहे आणि त्याच्या मरणाचं वाक्य माझ्या स्क्रीनवर आहे. माझी बोटं सरळ चालली. चाळीस शब्दांत एकही चूक नाही. याची मला आजही लाज वाटते.

बाहेर कोर्टात सगळ्यांची नजर साहेबांच्या पेनावर! फाशीची सही केली की न्यायाधीश निब मोडतात, हे ऐकून असलेली मंडळी. पण साहेबांकडे साधा जेलपेन. त्यांनी सही केली, टोपण लावलं, पेन खिशात ठेवला. बाबाराव माझ्या कानाशी लागला, "निब नाई मोडली. आता हो कसं?"

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "तुमचा पेन द्या जरा." तिसऱ्या दिवशीही तेच. बदली होईपर्यंत ते माझ्या पेनाने सह्या करत होते. त्यांच्या पेनाचं काय झालं हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

निकालाच्याच दुपारी गावातली काही मंडळी पेढ्याचा बॉक्स घेऊन आली. पहिला पेढा सोपानरावांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उलटून पालटून पाहिला आणि विचारलं, "कोणाचं बारसं हाय?"

बॉक्स तसाच बंद होऊन परत गेला. कौसाबाई बाकावरच बसून होती. तिला कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि आमच्यापैकी एकाचीही हिंमत होत नव्हती. त्या दिवशी सोपानरावही तिच्यासमोर उभे राहिले नाहीत. ते पायीच स्टँडकडे निघून गेले.

* * *

खालच्या कोर्टाने फाशी दिली तरी हायकोर्टाने कायम केल्याशिवाय ती होत नाही. नागपूरहून विचारणा झाली. आरोपी माणूस म्हणून कसा होता, लहानपण कसं गेलं, स्वभाव काय, याचा अहवाल द्या. त्यासाठी एक तरुण अधिकारी गावात गेला. पुण्याकडचा, नोकरीत नवा. गावात भगवानबद्दल कोणी तोंड उघडेना. मग हा बिचारा आरोपीच्या शेजारच्या घरात शिरला. शेजाऱ्याला सगळं माहीत असतं, असा त्याचा हिशेब!

घर सोपानरावांचं. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला. याने फाईल उघडून विचारलं, "भगवान कसा होता हो स्वभावाने?" आणि तेव्हा त्याची नजर भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे गेली. खाली नाव होतं. फाईलमध्येही मयताचं तेच नाव होतं.

तो उठलाच. "माफ करा बाबा, चुकलं माझं."

"बसा," सोपानराव म्हणाले. "इचारलं ना तुमी? मंग लिहून घ्या. माहा बैल इहिरीत पडला होता. सारं गाव काठावर उभं राहून पाहून राह्यलं होतं. भगवान दोर बांधून खाली उतरला. बैल निंघाला."

अधिकाऱ्याने ते जसंच्या तसं लिहिलं. गावात कळलं तेव्हा लोक सोपानरावांच्या अंगावर धावून गेले. सख्खा भाऊ म्हणाला, "पोराचा बाप हायेस का तू? काहून सांगतलं?"

"फाशी व्हावी, हे मी आजई म्हणतो. पर खोटं कायले बोलू? बैल त काढलाच होता त्यानं."

* * *

हायकोर्टाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली. निकालाची प्रत घेऊन सोपानराव दुपारच्या सुट्टीत माझ्याकडे आले. इंग्रजी होती. म्हणाले, "माह्यं जे लिहिलं हाय, तेवढं मराठीत सांगा."

मी सांगितलं. मयताच्या वडिलांनीही आरोपीबद्दल एक चांगली गोष्ट सांगितली, असं त्यात होतं.

"म्हंजे माह्यामुळं वाचला तो?"

"एकट्या तुमच्यामुळं नाई, सोपानराव. दुसरीई कारणं हायेत."

मी डबा उघडला आणि पुन्हा बंद केला. मग ते म्हणाले, "सायेब, भगवानाचं सारं इचारलं. लहानपण कसं गेलं, सभाव कसा, कोणाच्या कामी आला का. चांगलं केलं, इचारालेच पायजे. पर माह्या गजाननचं असं कोणीच काहून नाई इचारलं?"

मी ती सगळी फाईल टाइप केलेली. पानन् पान मला पाठ होतं. एवढ्या गठ्ठ्यात गजाननबद्दल काय होतं? वय, उंची, आणि जखमांची लांबी-रुंदी. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

सोपानरावांनी स्टूल माझ्या टेबलाजवळ ओढलं. "तुमचं मशीन चालू हाय ना? मंग लिहा. मी सांगतो."

"कोणाच्या नावानं करू अर्ज? कोणाले पाठवाचा?"

"अर्ज नाई. कोणाले पाठवाचा नाई. लिहा तुमी." त्यांनी घसा साफ केला. साहेब सांगायचे तसेच खिडकीकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करत सांगू लागले, "त्याले वांग्याची भाजी आवडत नव्हती. आन् आमच्या वावरात वांगेच होते."