वेचणीच्या दिवसांतली हजेरी

प्रथम क्षमा मागते. आयुष्यभर मुलांच्या निबंधांवर लाल शाईने खुणा केल्या. स्वतः लिहिण्याचे धाडस मात्र साठीनंतर करते आहे. तो अधिकार मला आहे, असे वाटत नाही. परंतु ही एक गोष्ट कुणाला तोंडाने सांगणे जमले नाही, म्हणून कागदाचा आधार घेते.

पांढुर्णा आणि सौंसर यांच्या मधल्या एका गावातील मराठी शाळेत मी शिकवत असे. कापसाची वेचणी सुरू झाली की वर्ग अर्धा होई. सलग गैरहजर मुलांची नावे पटावरून कमी होऊ नयेत, म्हणून आम्ही शिक्षक त्या दिवसांत त्यांना हजर दाखवत असू. आमच्या लेखी ती दया होती. तिला कुणी खोटेपणा म्हटल्याचे मला आठवत नाही.

सहावीत एक मुलगी होती. बालहक्कांचा पाठ तिने न अडखळता म्हणून दाखवला होता. हक्कांबरोबर जबाबदाऱ्याही येतात, असे सांगून मी मुलांना आपापल्या जबाबदाऱ्या लिहायला लावल्या. धाकट्या बहिणीची आंघोळ, पाणी, शेण, भाकरी, असे करत तिचे पान भरले. माझी यादी मला कुणी विचारली नाही.

दिवाळीनंतर तिच्या आईची कंबर धरली आणि आईच्या जागी ती वावरात जाऊ लागली. आदल्या दिवशी टेबलाजवळ येऊन तिने हळूच विचारले, "मॅडम, माझं नाव कटन का?"

कटणार नाही, तू निश्चिंत जा, असे मी सांगितले. पुढे सारा हंगाम तिच्या नावासमोर मी उपस्थितीची खूण करत राहिले.

फाल्गुनात शाळाबाह्य मुलींची यादी मागवण्यात आली. यादीतल्या मुलींना सौंसरला वसतिगृहात राहून शिकता येणार होते. ते ऐकून तिची आई कमरेला फडके आवळून, मुलीला घेऊन शाळेत आली. नुकत्याच बदलून आलेल्या मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतले आणि पट उघडला.

"हजेरी तं पुरी आहे हिची. शाळाबाह्य कशी होईन?"

आईने मुलीचे दोन्ही हात टेबलावर ठेवले. बोंडांच्या टोकांनी बोटे चिरली होती. "सारी वेचणी इनंच केली, गुरुजी."

"म्हणजे हात वावरात अन् नाव शाळेत? मोठी हुशार पोरगी आहे वो बाई तुमची." ते हसले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले.

त्या खुणा माझ्या आहेत, एवढेच मला म्हणायचे होते. चौकशी झाली असती. निवृत्तीला थोडीच वर्षे उरली होती. मी खिडकीकडे पाहू लागले. मुलगी माझ्याकडे पाहत होती, हे न बघताही मला कळत होते.

"मी येत होती शाळेत, गुरुजी," ती म्हणाली. "माय इसरली."

आईने मुलीचे हात टेबलावरून बाजूला सारले. "शिकाचं नव्हतं तं घरीच सांगाचं. मले काउन येऊ देलं इथं?"

दोघी निघून गेल्या. यादी तिच्या नावाशिवाय गेली. जूनमध्ये ती आली नाही आणि तेव्हा मी तिचे नाव नियमाप्रमाणे कमी केले. दोन वर्षांनी लोधीखेड्याकडे तिचे लग्न झाल्याचे कळले. तिचे वय मला ठाऊक होते. तेव्हाही मी कुठे काही बोलले नाही.

मागच्या महिन्यात पांढुर्ण्याच्या बाजारात तिची आई भेटली. पिशवी खाली ठेवून तिने मला नमस्कार केला. मुलीला दोन लेकरे आहेत, मुलगीही आता मजुरीला जाते, असे सांगितले. मग म्हणाली, "तुम्ही लय जीव लावला मॅडम. तिलेच शिकाचं नव्हतं."

मी मान हलवली.

त्या दिवशी आपली मुलगी खोटे का बोलली, हे त्या आईला आजही माहीत नाही. इतक्या उशिरा तिच्या घरी जाऊन मी ते सांगावे का?