पाठवणीचं नाहरकत प्रमाणपत्र

आखाडा बाळापूरला माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. नव्वदच्या दशकात मी कॅमेरा खांद्यावर घेतला, आणि पुढची पंधरा वर्षं एकच काम केलं: लग्नातला खरा आवाज पुसून त्यावर सिनेमातली गाणी चिकटवली. याला आम्ही मिक्सिंग म्हणायचो. हळदीचं गाणं ठरलेलं, वरातीचं ठरलेलं. पाठवणीचं तर इतकं रडवं की हसत सासरी गेलेल्या पोरीही कॅसेटमध्ये दुःखी दिसायच्या. गाण्याला कुणी मालक असतो, हे माझ्या कधी मनातच आलं नाही. ज्याच्याकडं कॅसेट, त्याचं गाणं.

दोन हजारचं दशक संपता संपता गावातल्या एका निवृत्त मंडळ अधिकाऱ्यांच्या मुलीचं लग्न मी शूट केलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ते सकाळी दहाला शर्ट खोचून, खिशाला दोन पेनं लावून ओट्यावर बसत. थोरला मुलगा अमेरिकेत होता. त्याला रजा मिळाली नाही, आणि पाठच्या बहिणीचं लग्न चुकलं म्हणून तो फोनवर रडला होता. निदान पाठवणी तरी इंटरनेटवर टाका, एवढंच त्याचं मागणं होतं.

मी सीडी घेऊन हिंगोलीच्या नेट कॅफेत गेलो. पाच मिनिटांची पाठवणी वर चढायला तीन तास लागले. तेवढ्या वेळात नवरी सासरी पोचून चहा करायला लागली असती. दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. बहीण रडताना दिसते, आई काहीतरी बोलताना दिसते, पण आवाज शून्य. वर इंग्रजीत सूचना होती, तिचा अर्थ एवढाच की हे संगीत दुसऱ्याच्या मालकीचं आहे आणि तुमच्याकडं परवानगी नाही.

मी घाबरलो. साहेबांचा चेहरा मात्र उजळला. सहा वर्षांनी त्यांच्या खात्यातला विषय निघाला होता.

"परवानगी पायजे ना? मग रीतसर काढू. त्यात काय एवढं."

रीतसर म्हणजे बाँड पेपर. गाणं सिनेमाचं आहे, त्याचा मालक मुंबईत असेल, असं मी सुचवून पाहिलं. त्यावर ते म्हणाले की लग्नात हे गाणं मुंबईच्या माणसानं वाजवलं का बँडवाल्यानं? ज्यानं वाजवलं त्याची सही. वहिवाट त्याची. आम्ही बँडमास्तरकडं गेलो. तो ओसरीत बसून क्लॅरिनेट पुसत होता. त्यानं कच्चा मजकूर दोनदा वाचून घेतला.

"साहेब, धून काई माझी न्हाई. पण तीस वर्षं वाजवून राहिलो. आजपर्यंत कोणी हरकत घेतली न्हाई."

"हेच लिहायचंय," साहेब म्हणाले.

दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का, गोल आणि जांभळा. ते नाहरकत प्रमाणपत्र स्कॅन करून मी पाठवणीच्या सुरुवातीला पूर्ण एक मिनिट दाखवलं. कारण साहेबांच्या मते समोरच्या अधिकाऱ्याला वाचायला वेळ द्यावा लागतो. पुन्हा हिंगोली, पुन्हा तीन तास. समोर अधिकारी नव्हता, यंत्र होतं. त्यानं शिक्क्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही आणि आवाज बंद केला.

कॅफेवाल्यानं तेव्हा सांगितलं की व्हिडिओ करणाऱ्यांना परवानगीसकट संगीत देणाऱ्या साइट असतात. एका साइटवरचं फुकटातलं मी उतरवून घेतलं. गिटार आणि शिट्टी, भलतंच आनंदी. ते लावून पाठवणी साहेबांच्या घरी दाखवली. नवरी आईच्या गळ्यात पडली आणि मागून शिट्टी वाजली. साहेबांच्या बायको इतके दिवस एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"पोरगी सासरी चालली का साबणाची जाहिरात हाय?" त्या म्हणाल्या. "मी तवा काय बोलले ते काहून पुसलं? पोराला तेच ऐकायचं हाय."

मूळ टेप कपाटात होती. मी पंधरा वर्षांत पहिल्यांदा कुणाच्या तरी लग्नाचा खरा आवाज ऐकायला बसलो. जीपवाला हॉर्न वाजवत होता. मामा चपला शोधत होते. पाहुण्यांत लाडवाच्या डब्यावरून वाद चालला होता. आणि या सगळ्यात आई लेकीला गळ्याशी धरून सांगत होती, "लोणच्याची बरणी आडवी ठेवू नको, तेल सांडंल. दादाचा फोन आला का रडू नको, त्याला तिकडं करमत न्हाई."

मागं आमचा बँड तेच सिनेमाचं गाणं वाजवत होता.

मी तयार पाठवणीवरची शिट्टी काढून हाच आवाज परत लावला आणि चढवलं. आठ दिवस झाले, आवाज कुणी बंद केला नाही. आमच्या बँडच्या तोंडून ते गाणं ओळखणं कुठल्याही यंत्राच्या आवाक्याबाहेरचं होतं. मुलाचा फोन आला. त्यानं एवढंच विचारलं की बरणी सांडली का. सांडली होती.

साहेबांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि बाँड पेपरच्या फाइलवर लाल पेनानं लिहिलं: परवानगी मिळाली, प्रकरण निकाली. नंतर मला म्हणाले, "उशीर लागला, पण सरकारी काम असंच असतंय."

मी होय म्हणालो. प्रमाणपत्राचं ते एक मिनिट मी कापायला विसरलो होतो. ते अजून तिथंच आहे, शिक्क्यासकट.